पावडर कोटिंग मारलेली मशीन

टेबलावरचं चादरीचं गाठोडं सोडलं आणि मला आधी वाटलं, हे दोघं चुकून ट्रॅक्टरचा पार्ट घेऊन माझ्याकडं आलेत. केशरी रंग. गुळगुळीत, चकचकीत, नखानं टोकरलं तरी निघणार नाही असा. खाली सुईची दांडी दिसली म्हणून कळलं, ही शिवणमशीन आहे.

"काकू, फिरतच नाही," वैशाली म्हणाली. तिचा नवरा संतोष दाराशीच उभा राहिला होता, आत येईना.

मी चाक धरलं. उजव्या बाजूला हातानं फिरवायचं चाक असतं ना, ते. जुन्या मशिनीत दुसरं काही बघायच्या आधी मी तेच बघते. ते हललं नाही. दोन्ही हातांनी जोर लावला, तरी ढिम्म.

माझं दुकान दापोडीत, रेल्वे लाइनच्या मागच्या गल्लीत. त्याआधी माझं सगळं आयुष्य चाकणला गेलं, गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या कंपनीत. लागले ऑपरेटर म्हणून. पण मशीन बंद पडली की मेकॅनिकची वाट बघत बसायचा मला भारी कंटाळा, म्हणून स्वतःच स्क्रू ड्रायव्हर घेऊन उघडायला लागले. साहेब आधी ओरडले, मग दमले, मग त्यांनी मला मेंटेनन्सलाच टाकलं. रिटायर झाल्यावर सगळे म्हणाले, आता आराम करा. कसला आराम? पूर्ण लाइन एकदम चालू असली की जमिनीतून पायात एक घरघर चढते. ती मला रोज हवी असायची. घरात टीव्ही लावला, रेडिओ लावला, काही उपयोग नाही. शेवटी जुन्या काळ्या मशिनी गोळा करायला लागले. त्या दुरुस्त करते, आणि गोधड्या शिवणाऱ्या बायकांना निवडून देते.

बायका विचारतात, घरात नवी हलकी मशीन आहे की, मग ही जड धोंड कशाला? कारण सोपं आहे. नव्या घरगुती मशिनीच्या पोटात बरेचदा प्लॅस्टिकचे गिअर असतात. ब्लाउजला, परकराला ठीक. गोधडीचे सहा-सात थर आले, त्यात काठ आला, की गिअरचा दात गेलाच म्हणून समजा. जुनी मशीन सगळी बिडाची. तिला एक सरळ टाका सोडून काही येत नाही, पण तेवढं ती जाड कापडातून मुकाट्यानं करते. घेताना रंग बघू नका. रंग उडालेला चालतो, किंबहुना मला तर उडालेलाच बरा वाटतो, वापरातली आहे हे कळतं. चाक फिरवा, ते अडखळू नये. सुईची दांडी धरून हलवा, डुगडुगली तर पुढच्या मशिनीकडं जा. खालची पट्टी सरकवून शटल बघा. शटल म्हणजे खालचा दोरा फिरवणारा भाग. त्याला गंजाचे खड्डे नसावेत. तेल सुकून डिंकासारखं झालं असेल तर घाबरू नका, ते निघतं.

पण ओव्हनमध्ये भाजलेली मशीन कशी तपासायची, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

झालं होतं असं. वैशालीचं माहेर जालन्याकडचं. दोघं पुनावळ्यात एका टॉवरमध्ये राहतात. तिची आई वारली. भाऊबहीण कोणी नाही, म्हणून ती वडिलांना, अण्णांना, इकडं घेऊन आली. सोबत आईची पायमशीन आणि आईच्या लुगड्यांची पेटी. अण्णांची जुनी वाकळ पार विरली होती. वाकळ म्हणजे गोधडीच, त्यांच्याकडं तसं म्हणतात. वैशालीनं चांगलं ब्लँकेट आणलं, ते त्यांनी पायानं खाली ढकललं. जेवण निम्मं. बोलणं नाही. दुपार झाली की टोपी घालून दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि म्हणायचे, मला गाडीत बसवून दे, मी जातो माझ्या घरी. तिकडं घराला कुलूप, भाकरी करून द्यायला माणूस नाही, आणि अण्णांच्या छातीचं दुखणं. एकटे गेले तर काय होईल ते वैशालीला दिसत होतं. तरी त्यांनी निक्षून सांगितलं होतं, दसरा झाला की मी राहणार नाही.

तेव्हा तिनं ठरवलं, आईच्या लुगड्यांची गोधडी शिवायची. आईच्याच मशिनीवर, अण्णांच्या समोर बसून. "आई शिवायला बसली की अण्णा शेजारीच असायचे काकू, दिवसचे दिवस," ती मला म्हणाली. "तो आवाज घरात आला तर त्यांचं मन लागेल. माझ्याकडं दुसरं काही नाहीये."

आणि इथं संतोषरावांनी घोळ घातला.

तो चाकणला मोठ्या कंपन्यांना पार्ट पुरवणाऱ्या एका लहान वेंडरकडं आहे, पावडर कोटिंगच्या लाइनवर. आपल्या पट्ट्यातल्या माणसांची एक खोड आहे. घरातली कुठलीही जुनी वस्तू दिसली की ती कंपनीत नेऊन रंगवून आणायची. खिडकीचे ग्रिल, सायकल, झोपाळ्याच्या कड्या, माझ्या एका शेजाऱ्यानं तर तुळशीचा स्टँड मारून आणला, बसच्या पिवळ्या रंगात. संतोषला वाटलं, सासूबाईंची मशीन नवीकोरी करू आणि बायकोला चकित करू. शॉट ब्लास्टिंग केलं, म्हणजे लोखंडाच्या बारीक गोळ्यांचा मारा. त्यानं जुना रंग, गंज, सगळं सोलून निघतं. मग पावडर उडवली आणि ओव्हनमध्ये भाजली. लाइनवर त्या दिवशी केशरी चालू होता, म्हणून केशरी. आतला शाफ्ट, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा दांडा, निघेना, तर तो तसाच ठेवला आणि भोकांना टेप लावला.

त्या मशिनीवर सोनेरी वेलबुट्टी होती, ती गेली. पुढच्या बाजूला आईचं मनगट घासून रंग उडालेली जागा होती. वैशाली तिथं हात ठेवून बसायची म्हणे, लहानपणापासून. तीही गेली. मशीन घरी आली तेव्हा अण्णांनी लांबूनच बघितली आणि विचारलं, "कुनाची हाय ही?" त्यानंतर मशिनीच्या खोलीत ते फिरकलेच नाहीत. वैशाली नवऱ्याशी बोलत नव्हती. माझ्या दुकानातही तिचं सगळं लक्ष त्या केशरी पत्र्यासारख्या दिसणाऱ्या मशिनीवर होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं.

मी संतोषला आत बोलावलं आणि चांगलं झापलं. काय बोलले ते लिहीत नाही. अरे, मशिनीला आतून तेल लागतं हे तुला माहीत नाही, तू कंपनीत काम करतोस की भजी तळतोस, इथून सुरुवात केली.  तो म्हणाला, "काकू, आईंनी मला पहिला शर्ट त्याच मशिनीवर शिवून दिला होता. ती भंगारासारखी दिसायला लागली होती, मला बघवेना."  मी चहा सांगितला.

रॅकवर तशीच दुसरी मशीन होती, त्याच बनावटीची, जुनी, काळी. मी वैशालीला म्हटलं, ही घेऊन जा, अण्णांना काय कळतंय. ती नाही म्हणाली. आवाज दुसरा येईल म्हणाली. आणि खरंच आहे ते. एका कारखान्यातून निघालेल्या दोन मशिनींचा आवाजही एक नसतो. हे मला कळायला हवं होतं, पण कधीकधी आपण समोरच्याचं काम लवकर उरकावं म्हणून काहीही सुचवतो.

मशीन ठेवून घेतली. सगळीकडं जुनं तेल भाजून काळं, काचेसारखं घट्ट झालं होतं. रॉकेल आता मिळत नाही, म्हणून दुसरं सॉल्व्हंट आणलं आणि हेड त्यात बुडवून ठेवलं. हेड म्हणजे स्टँड सोडून वरची मशीन. तेल घालायच्या भोकांमध्ये पावडर वितळून बसली होती, ती हातानं, बारीक ड्रिलनं कोरून काढली. रोज थोडी गरम हवा सोडायची, थोडं चाक हलवायचं, परत बुडवायचं. आधी ते जेमतेम करकरलं. मग एक दिवस सुटलं.

सुटलं ते बरं झालं असं वाटायच्या आत शाफ्ट बाहेर आला आणि माझं डोकं फिरलं. टेपच्या कडेनं ब्लास्टिंगचे गोळे आत शिरले होते. शाफ्ट ज्या पितळी बुशमध्ये फिरतो, त्या बुशवर ओरखडे. असा बुश ठेवला तर मशीन चालते, पण खडखड करते, आणि जाड कापडात सुई वाकडी जाते. नवा बुश बाजारात नाही. कुदळवाडीला ओळखीच्या भंगारवाल्यांना फोन केले, पण पाडापाडीनंतर तिथं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, निम्म्यांचे नंबर लागत नाहीत. मग रॅकवरची ती काळी मशीन उतरवली. चांगली चालणारी मशीन उघडून तिचे पार्ट काढणं म्हणजे जिवावर येतं. काढले. वैशालीला फोन करून सांगितलं, शाफ्ट आणि दोन्ही बुश दुसरीचे आहेत, आवाज थोडा बदलेल.  ती म्हणाली, बसवा.

बसवलं. शटल पॉलिश केलं, टेन्शन लावलं. टेन्शन म्हणजे वरचा दोरा किती ताणून सोडायचा ते ठरवणाऱ्या दोन चकत्या आणि स्प्रिंग. घट्ट झालं तर दोरा तुटतो, सैल झालं तर खाली झुपके येतात. गोधडीसाठी जाड सुई घातली, टाका लांब केला, कापड दाबणाऱ्या फुटाचा दाब कमी केला. डेनिमचे चार थर आणि वर सुती साडी, असा तुकडा घेऊन चालवत राहिले. दोरा एकदाही तुटला नाही. माझं मलाच कौतुक वाटलं. लाइनवर असते तर साहेबांना बोलावून दाखवलं असतं.

पुनावळ्याला मी स्वतः गेले. संतोषनं हेड स्टँडवर चढवलं, मी पट्टा लावला. वैशालीनं थर आधीच हातानं टाचून ठेवले होते, आईचं रोजचं लुगडं सगळ्यात आत आणि लग्नातलं वर. अण्णा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, टोपी घालून. मी सांगितलं, त्यांना बोलावू नकोस, नुसती चालव.

ती पायडल मारायला लागली. मशीन घुमली. ह्या आवाजातला निम्मा माझ्या रॅकवरच्या मशिनीचा होता हे मला माहीत होतं. वैशालीनं पहिली ओळ न थांबता या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. दुसरी सुरू केली. दारात अण्णा येऊन उभे राहिले.

ते आत आले. मशिनीशेजारी स्टूल होतं, त्यावर बसले. केशरी रंगाकडं बघितलंही नाही. मान खाली घालून ऐकत होते. दुसरी ओळ संपली, तिसरी संपली. संतोष भिंतीला टेकून उभा. मला वाटलं, जमलं.

आणि अण्णा उठले आणि परत बाहेर जायला निघाले.

वैशालीचे पाय थांबले. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला राहवेना. मी म्हटलं, "अण्णा, आवाज वेगळा आहे का?"

"न्हाई. आवाज तोच हाय, बाई."

"मग उठलात का?"

ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. "ती थांबायची की मधी. दोरा तुटायचा तिचा सारखा. नजर गेलती, सुई दिसायची न्हाई. मंग म्हनायची, आहो, ववून द्या." त्यांनी मशिनीकडं बोट केलं. "ही तुटूच देईना. मंग म्या कामून बसू हितं?"

मी आयुष्यभर दोरा तुटू नये म्हणून पगार घेतला. त्या दिवशी पहिल्यांदा टेन्शनचा स्क्रू उलट्या कामासाठी धरला आणि चांगला दीड आटा आवळला. वैशालीला म्हटलं, चालव. वीतभर गेली असेल नसेल, दोरा तुटला.

"अण्णा," वैशाली म्हणाली, "ओवून द्या ना."

ते आले. दोरा ओठात ओला केला. दोरा सुईच्या डावीकडून जायचा, उजवीकडून जायचा. कोणी मदत केली नाही. बाहेर लिफ्ट येऊन गेली, खाली पाण्याचा टँकर हॉर्न देत राहिला. शेवटी गेला एकदाचा. अण्णांनी दोऱ्याचं टोक ओढून वैशालीच्या हातात दिलं आणि स्टुलावर नीट ठाण मांडून बसले, पुढच्या वेळेसाठी.

दसरा होऊन गेला. गोधडी अजून अर्धीच आहे. फार हळू चाललंय काम, वैशाली फोनवर सांगत होती. टेन्शन सैल करून द्यायला येऊ का विचारलं, तर घाईघाईनं नको म्हणाली.

मशीन न्यायला येणाऱ्या बायकांना मी अजूनही तेच सांगते, दोरा वारंवार तुटत असेल तर वरचं टेन्शन थोडं सैल करा. फक्त त्याआधी विचारून घेते, तुमच्या घरी सुई ओवतं कोण.