अंड्यांच्या खडकापाशी

बाघच्या डायनासोर पार्कला जायचं अण्णांनीच काढलं. अण्णा म्हणजे माझे वडील. देवासच्या शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेले, आणि आता कानांनी जवळजवळ अधू. कानातलं यंत्र शिटी मारतं म्हणून ते त्यांनी गाडीतच काढून ठेवलं होतं.

फाटकाशी मी बाटलीत पाणी भरून घेत होते, तेवढ्यात चौकीदार जवळ आला. "बैनजी, नाले तरफ मत जाना. कल शाम को बकरी उठा ले गया."

"कौन?"

"वोई," तो म्हणाला. बिबट्याचं नाव काही त्यानं घेतलं नाही.

मी वळून पाहिलं तर अण्णा बाजूला नव्हते. अंड्यांच्या खडकाची पाटी वाचून ते केव्हाच नाल्याच्या उताराला लागले होते.

चौकीदार काठी आणायला खोलीकडे पळाला. मी थांबले नाही. हाका मारल्या, पण त्या ऐकणार कोण? उन्हातसुद्धा उतारावर गार वाटत होतं. एक पाखरू बोलत नव्हतं. सागाच्या पाल्यात बकरीचा पाय पडला होता, खुरासकट, मांस अजून ओलं. पुढे झाडावरचं वानर एकदम खाकरलं, पुन्हा खाकरलं. त्याची नजर अण्णांच्या माथ्यावरच्या कड्याकडे होती.

अण्णा उकिडवे बसून दगडातल्या गोल कडांवरून बोट फिरवत होते. पळायचं नाही, एवढंच मला सुचलं. जाऊन त्यांचा हात धरला.

"अगं, हे बघ, अख्खं घरटंच दगड झालंय!" ते ओरडले. बहिऱ्या माणसाचा आवाज; सगळ्या नाल्यात घुमला. कड्यावरून चार खडे घरंगळले. मी वर पाहिलं नाही. "चला," एवढं नुसत्या ओठांनी म्हटलं. नवल म्हणजे काही न विचारता ते उठले आणि माझ्याबरोबर गुपचूप चालू लागले.

अर्ध्या वाटेवर चौकीदार भेटला, काठी दगडांवर आपटत. आम्हाला पाठीमागे घेऊन तो कडा न्याहाळत राहिला. "बैठा है अभी," तो पुटपुटला. "देख रहा है."

मला काहीच दिसलं नाही. तेच जास्त वाईट.

गाडीत यंत्र लावून दिल्यावर मी सगळं सांगितलं. अमझेरा गाव मागे पडल्यावर अण्णांनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाले, "तुझी आई गेली त्या सकाळी तुझा हात असाच गार लागला होता. म्हणून काही विचारलं नाही."