गोल बैठकीतले तीन रकाने

गावोगावच्या रंगमंचांवर मी कितीतरी राण्यांचे प्रवेश पाहिले, पण २०१७ साली माझ्या शेजारच्या खोलीत झरी गावाहून राहायला आलेल्या भारतीने जो प्रवेश केला त्याची ऐट काही वेगळीच होती. खांद्याला लॅपटॉप, हातात आईने बांधून दिलेल्या नागलीच्या भाकऱ्या. अ‍ॅप बनवायला ती शिकली होती आणि डहाणूतल्या नविनभाईंच्या चिकूवाडीचं काम हे तिचं पहिलंच. ते फसलं तर वापीच्या कंपनीत नोकरी ठरलेली. तिला मात्र आपल्या माणसांतच राहायचं होतं.

काम सोपं वाटत होतं. शेडमध्ये बाया चिकू निवडतात: मोठा, मधला, बारीक. क्रेट भरला की पडद्यावर त्या-त्या नावावर बोट ठेवायचं. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर भारतीने तिन्ही नावं एकाखाली एक घेतली. टॅबलेटवर जागा ऐसपैस, म्हणून शेजारी-शेजारी तीन सारखे रकाने केले आणि बायांना शिकवलं, मोठा डावीकडे. संध्याकाळी गाडीत मोठे चिकू जास्त, टॅबलेटवर बारीक जास्त. नविनभाईंनी आणखी एकच दिवस दिला.

दुसऱ्या दिवशी मीही सोबत गेलो. बाया नेहमीसारख्या गोल बसलेल्या, टॅबलेट मधोमध पालथ्या क्रेटवर आडवा. आदल्या दिवशी भारती नविनभाईंच्या खुर्चीपाशी उभी होती. आज ती समोर जाऊन चिकू निवडणाऱ्या ठकीमावशीला खेटून बसली.

"आलीस आमच्या बाजूला? बघ आता," मावशी म्हणाली. "तुझी अक्षरं इथून पाय वर करून झोपलीत."

बाया खदखदून हसल्या, भारतीही. खुर्चीकडून जे डावं ते मावशीच्या बाजूने उजवं, म्हणून इकडच्या बायांचं मोठ्याचं बोट बारकावर पडत होतं, हे तिच्या ध्यानात आलं. तिथेच लॅपटॉप उघडून तिने मोठ्याचा रकाना रुंद केला, मधल्याचा त्याहून कमी, बारकाचा चिंचोळा. आता कुठूनही बघा, मोठा तो मोठाच. चारी बाजूंनी प्रेक्षक असले की नटाला कुणाकडेच पाठ करून चालत नाही. ही पोर ते एका बैठकीत शिकली. मोबाइलवरच्या मांडणीला तिने हात लावला नाही. मोबाइल ज्याच्या हातात, त्याच्याच तोंडासमोर.

संध्याकाळी गाडीचा आणि टॅबलेटचा मेळ बसला. तरी नविनभाई पुन्हा पुन्हा ताडून बघत होते.

"मग शेठ, पोरीला वापीला धाडायची का?" ठकीमावशीने विचारलं.

"शा माटे? वापीला कशाला? माझ्या तलासरीच्या शेडचं अ‍ॅप कोण करणार मग?"

भारतीने आईला फोन लावला. पण बातमी सांगायची पाळी तिच्यावर आलीच नाही. फोन केव्हाच बायांच्या हातांतून फिरत होता आणि प्रत्येक बाई ती बातमी पहिल्यापासून सांगत होती.