पसंती क्रमांक एक

धाराशिवच्या बसस्थानकासमोरच्या ओळीत रसूल शेख यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मशीनं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि भिंतीला टेकवलेलं एक बाकडं. पण बारावीनंतरच्या प्रवेशाचे दिवस आले की या बाकड्यावर जिल्ह्यातली निम्मी हुशार पोरं आणि त्यांचे झाडून सगळे घाबरलेले बाप बसून जातात. कारण रसूलभाई नुसता फॉर्म भरून देत नाहीत, पोरगं कुठं लागेल तेही सांगतात. त्यांचं सांगणं आजवर चुकलेलं नाही असं लोक म्हणतात. रसूलभाई स्वतः तर ते रोजच म्हणतात.

त्यांची उत्तरं ठरलेली. चष्मा कपाळावर ढकलायचा, मार्कांचा कागद हातात घ्यायचा आणि तीनपैकी एक बोलायचं. "होतंय." "काठावर आहे." "नाद सोडा." एखाद्या बापानं चौथं काही विचारलं की मग फाइल निघायची.

ही फाइल म्हणजे त्यांचा जीव. इंजिनिअरिंगचा प्रवेश ठरला की पोरं अ‍ॅलॉटमेंट लेटरच्या झेरॉक्स काढायला त्यांच्याकडंच येतात. त्यांना विचारून रसूलभाई आणखी एक प्रत स्वतःसाठी काढतात आणि फाइलला लावतात. कुणाला किती पर्सेंटाइल, कुठलं कॉलेज, कुठली शाखा, सगळं त्या कागदावर असतं. अशी शेकड्यानं लेटरं त्यांच्यापाशी साठलेली. वेबसाइटवर मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या असतात, पण त्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "ती सगळ्या महाराष्ट्राची यादी. आपल्या पोरांचं काय होतं ते माझ्या फाइलीत बघा," असं ते ठणकावून सांगत.

अंदाजानं कुठं हात घालायचा नाही ही सवय त्यांना लहानपणापासूनची. गाव तेरखेडा, बाप फटाक्याच्या कारखान्यावर कामाला. तिथं 'बघू तरी काय होतं' म्हणणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नसे, आणि ते बरोबरच होतं. रसूलभाई बारावीनंतर टायपिंग शिकायला धाराशिवला आले, कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसले, मग झेरॉक्समध्ये शिरले. फटाक्याच्या दारूपासून लांब आले, पण बापाची भीती सोबत घेऊन आले. फक्त तिला ते भीती म्हणत नव्हते, अनुभव म्हणत होते.

त्या वर्षी पसंती भरायचे तीन दिवस होते. पहिल्याच दिवशी ढोकीहून हिंमतराव आले, सोबत मुलगी अर्पिता. हिंमतरावांचा ट्रॅक्टर आहे, हंगामात कारखान्याला ऊस वाहतात, एरवी लोकांची शेतं नांगरून देतात. माणूस ऐसपैस, बोलणं गावभर ऐकू जाईल असं, पण दुकानात आल्यावर पायताण बाहेर काढून बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसले. अर्पिताला अठ्ठ्याण्णव पॉइंट तीन पर्सेंटाइल होते.

"पुण्याचं ते मोठं सरकारी कॉलेज म्हणतीया," हिंमतराव म्हणाले. "व्हईल का, तेवढं सांगा. तुमी म्हणाल त्ये खरं."

रसूलभाईंनी चष्मा वर केला. "नाद सोडा," ते म्हणाले. अर्पिताचा चेहरा पडला तशी त्यांनी फाइल काढली आणि अठ्ठ्याण्णवच्या वरची लेटरं एकेक करून दाखवली. "हे बघ बेटा. कोण सोलापूर, कोण लातूर, कोण इथलंच. पुण्याच्या त्या कॉलेजला आपल्याकडनं एक तरी गेलाय का? एक नंबरला सोलापूर टाक. डोळे झाकून मिळतंय."

हिंमतरावांनी सुटकेचा श्वास टाकला. "टाका मग. पक्कं असंल त्येच एक नंबरला."

आता या फॉर्मची रीत अशी. कॉलेजांची यादी आपल्या पसंतीच्या क्रमानं द्यायची. पहिलं मिळालं तर प्रवेश तिथंच पक्का, पुढच्या फेरीत जाता येत नाही, दार बंद. खालचं कुठलं मिळालं तर ते हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्यासाठी थांबता येतं. कितवी पसंती मिळाली तो आकडा लेटरवर छापून येतो. आणि रसूलभाईंचा सगळा तोरा त्या आकड्यावर होता. त्यांच्या दुकानातून गेलेल्या पोराला पसंती क्रमांक एकच मिळतो, हे बसस्थानकावरचा चहावालासुद्धा सांगायचा.

रसूलभाई कॉम्प्युटरवर सोलापूर शोधत होते तोवर अर्पिता फाइल चाळत बसली होती. तिनं मागच्या वर्षीची लेटरं पाहिली, त्याच्या आदल्या वर्षीची पाहिली. मग म्हणाली, "चाचा, सगळ्यांना एकच नंबर मिळालाय."

"मग! तेच तर आपलं नाव आहे, पोरी."

"तसं न्हाय. सगळ्यांना एक नंबर मिळाला, म्हंजे वरचं कुणी मागितलंच न्हाय ना? मग पुण्याचं मिळत न्हाय हे तुमाला कळलं कसं?"

"अर्पे!" हिंमतरावांनी डोळे वटारले. "मोठ्या मान्सासंग असं बोलत्यात व्हय?"

रसूलभाई हसले, पण त्यांचा माउसवरचा हात थांबला होता. लहान पोरगी आहे, बोलते, असं ते म्हणाले. फॉर्म भरून ठेवला, कन्फर्म मात्र केला नाही. परवा पाचपर्यंत वेळ आहे, एकदा घरी विचार करा, असं सांगून त्यांनी दोघांना वाटेला लावलं. एरवी ते कुणालाच विचार करायला घरी पाठवत नसत.

दुसऱ्या दिवशी गर्दी होती. रसूलभाईंनी "होतंय" म्हटलं, "काठावर" म्हटलं, पण "नाद सोडा" काही त्यांच्या तोंडातून निघेना. दुपारी बाकडं रिकामं झालं तशी त्यांनी वेबसाइटवरची जुनी कटऑफची यादी उघडली. ज्या यादीला आजवर नाक मुरडलं, तीच. पुण्याचं ते कॉलेज, मेकॅनिकल शाखा, शेवटचा प्रवेश सत्त्याण्णव पॉइंट नऊला. त्यांनी दोनदा वाचलं. मग एकेक वर्ष मागं जात गेले आणि फाइलमधली लेटरं त्या आकड्यांशेजारी ठेवत गेले.

ज्यांना तिथं जागा मिळाली असती आणि ज्यांनी ती मागितली नव्हती, अशी सात लेटरं बाजूला निघाली. सातही जणांना रसूलभाईंनीच सांगितलं होतं, नाद सोडा. लोक रसूलभाईंच्या सांगण्यावरून मागत होते, आणि रसूलभाई आधीच्या लोकांनी मागितलेल्यावरून सांगत होते. वर कुणी हातच उचलला नव्हता, तर वर काय आहे ते कळणार कसं?

सातवं लेटर सहा वर्षांपूर्वीचं होतं. नाव तौसिफ रसूल शेख. अठ्ठ्याण्णव पॉइंट एक. पसंती क्रमांक एक, जवळचंच एक खासगी कॉलेज. कोपऱ्यात रसूलभाईंच्याच अक्षरात हिरव्या पेननं 'मुबारक' लिहिलेलं. त्या वर्षी पुण्याला शेवटचा प्रवेश सत्त्याण्णव पॉइंट सहाला झाला होता.

रसूलभाईंनी ते लेटर फाइलला परत लावलं नाही. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तौसिफ आता चाकणला एका कंपनीत ठेक्यावर काम करत होता. दर वर्षी ठेका संपायचा, दर वर्षी नवा मिळेल का म्हणून तो वाट बघायचा. नशीब, असं ते लोकांना सांगत आले होते. आणि नशिबाचा तो कागद त्यांनी आपल्या हातानं छापला होता.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे सगळ्यात गर्दीच्या दिवशी, दुकानाचं शटर बंद. बायको ताहेराबी म्हणाल्या, "वर्षाची कमाई या तीन दिवसांची, अन् तुम्ही ढोकीला निघालात?" रसूलभाईंनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि सकाळची एसटी पकडली.

हिंमतराव अंगणात ट्रॅक्टरच्या चाकापाशी बसलेले. ग्रीसचे हात तसेच घेऊन उठले. "तुमी? आन् हितं?"

"पसंती बदलायची आहे," रसूलभाई उभ्याउभ्याच म्हणाले. "पुण्याच्या त्याच कॉलेजच्या चार शाखा वर. सोलापूर पाच नंबरला."

"परवा तर नाद सोडा म्हणलात की."

"चुकीचं बोललो."

हिंमतरावांना हे झेपेना. "आवो, वरचं मागून नाय मिळालं तर? सोलापूरबी जायचं हातचं. हाव केली म्हणून."

"नाही जात. असं समजा, तुमचं पोरगं पुण्याच्या गाडीला जागा बघतं. नसली जागा, तर सोलापूरच्या गाडीकडं येतं. तिथली जागा मार्कांवर धरलेली असते, आधी पुण्याच्या गाडीकडं गेलात का म्हणून कुणी विचारत नाही. उलट सोलापूर एक नंबरला टाकलंत, की पुण्याच्या गाडीकडं बघायची सोयच राहत नाही."

"इतकी वर्सं मग येगळं का सांगत हुता?"

"भीत होतो," रसूलभाई म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला असेल. "माझ्या पोराचंसुद्धा असंच केलं. त्यालाही पुण्याला जागा होती. मी मागूच दिली नाही."

हिंमतराव ग्रीसचे हात फडक्याला पुसत राहिले. माणूस साधा, पण व्यवहार पक्का. "त्येला सांगितलंय का ह्ये?"

"नाही."

"मग आधी त्येला सांगा. माझ्या म्होरं सांगा. तुमी आज एक म्हणता, परवा दुसरं म्हणालात. पोटच्या पोराला सांगितलंत तर म्या खरं मानंन."

रसूलभाई ज्या कामाला आले होते ते सोडून जाणार नव्हते. त्यांनी फोन लावला, स्पीकर चालू केला. तौसिफ कामावर होता, मागं मशीनचा आवाज. रसूलभाईंनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं. तुझ्या वर्षी पुण्याला सत्त्याण्णव पॉइंट सहाला बंद झालं होतं. तुला मिळालं असतं. माझ्यामुळं गेलं.

पलीकडं मशीनचा आवाज लांब गेला, तौसिफ बाजूला आला होता.

"मालूम है, अब्बा," तौसिफ म्हणाला. "उसीच साल मालूम हुआ था. यादी लगी थी ना, तभी देखा मैं."

"फिर बोला क्यूं नहीं रे?"

"तुम वो लेटर सबको दिखा रहे थे, अब्बा. इतने खूश थे. क्या बोलता?"

फोन रसूलभाईंनी तसाच हातात धरून ठेवला. हिंमतरावांनी एकदा फोनकडं पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या अर्पिताकडं पाहिलं. परवा दुकानातून परत येताना ती एसटीत एक शब्द बोलली नव्हती. बरं झालं, पोरीला पटलं, असं ते समजले होते.

"अर्पे," ते म्हणाले, "तूबी असंच गप बसली असतीस?"

खाली बघून तिनं मान हलवली, आणि ती होकाराची होती.

हिंमतरावांनी खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला. "त्यो ओटीपी यील त्येच्यावर. तुझ्या मनानं भर. म्या बघणारबी न्हाय." आणि खरंच ते ट्रॅक्टरपलीकडं जाऊन उभे राहिले. रसूलभाईंनी लॅपटॉप बाजेवर उघडून दिला. कॉम्प्युटर, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, मग सोलापूर. तिनं स्वतः कन्फर्म केलं.

पाचला अजून वेळ होता. रसूलभाई पुढच्या एसटीनं धाराशिवला परतले, शटर वर केलं आणि पाच वाजेपर्यंत जेवढ्या पोरांचे फॉर्म कन्फर्म व्हायचे राहिले होते तेवढ्यांना फोन करून बोलावलं. काही बाप भांडले. एकानं तर तोंडावर सांगितलं, तुमचं डोकं फिरलंय. रसूलभाईंनी दर वेळी ती कटऑफची यादी काढून बोट ठेवून दाखवली. ज्यानं ऐकलं त्याचं बदललं, ज्यानं नाही ऐकलं त्याच्यापुढं पुन्हा एकदा बोट ठेवलं.

यादी लागली त्या दिवशी हिंमतराव दुकानात आले ते पायताण घालूनच. लेटर प्रिंटरमधून बाहेर आलं. पुणे, सरकारी कॉलेज, मेकॅनिकल. पसंती क्रमांक चार. अर्पिता तो कागद दोन्ही हातांत धरून उभी राहिली आणि एकदम रडायला लागली. हिंमतरावांनी वाकून वाचलं, बोटानं चारच्या आकड्याला टिचकी मारली.

"ह्ये तीन नंबरचं कितीनं हुकलं?"

"थोडक्यात," रसूलभाई म्हणाले. "पॉइंट दोननं."

"मग ह्ये हातात ठिवून त्येच्यासाठी थांबता येतं न्हवं? फुडच्या फेरीला?"

असू द्या की आता, मिळालंय ते घ्या, असं रसूलभाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं. "येतं," ते म्हणाले.

"मग थांबू की!" हिंमतराव असे ओरडले की बाहेर रिक्षावाल्यांनी वळून पाहिलं.

शेजारचा चहावाला कप घेऊन आला होता. त्यानं लेटरवर नजर टाकली आणि चुकचुकला. "चार? रसूलभाई, यंदा तुमचा एक नंबर गेला म्हणायचा."

"गेला," रसूलभाई म्हणाले. "सहा वर्षं उशिरा गेला."