सासऱ्यांच्या नावावरच्या म्हणी

ब्रह्मपुरीत मी मराठी शिकवतो. गावात कुठलाही निरोपसमारंभ असो, सत्कार असो की साखरपुडा असो, माईक माझ्याच हातात येतो, कारण माझ्याकडे जगभरातल्या म्हणींची वही आहे. जपानची, चीनची, अरबांची, आफ्रिकेची अशी देशवार पानं. वर्तमानपत्रं, जुनी कॅलेंडरं, वाचनालयातली पुस्तकं यांतून वीस-बावीस वर्षं वेचलेली. 'सात वेळा पडा, आठ वेळा उठा' ही जपानी म्हण तालुक्यात पहिल्यांदा मीच म्हटली, असं मला वाटतं.

माझी बायको मार्कंड्याकडची, धान पिकवणाऱ्या घरातली. तिच्याजवळ वही नाही.

आमच्या एका सहकाऱ्याची बदली पार लांब सिरोंच्याला झाली. तो आणि त्याची बायको अगदी खचून गेले होते. निरोपाला मी चिनी म्हण सांगितली, हजार कोसांचा प्रवास एका पावलाने सुरू होतो ती. टाळ्या मिळाल्या. मग जेवणाच्या पंगतीत सहकाऱ्याची बायको रडायला लागली, तेव्हा माझी बायको वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "रडू नोको बाई. पऱ्ह्यातच राह्यला त धान लोंबीले येत नाई. उपटून दुसऱ्या बांधीत रोवाच लागते. माहे बाबा म्हणत."

पऱ्हं म्हणजे धानाच्या रोपांचा वाफा, बांधी म्हणजे खाचर, हे तिथे कोणाला सांगावं लागलं नाही. ती बाई रडता रडता गप्प झाली. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत जो तो तेच वाक्य घोळवत होता. एकाने ते व्हॉट्सॲपवर स्टेटसला ठेवलं. शिपाई मला म्हणाला, "सर, वहिनीनं काय जबरदस्त सांगितलं जी!" माझ्या चिनी म्हणीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

तेव्हापासून मला जळायची सवय लागली. हाच शब्द खरा. शेजारणी सल्ल्याला तिच्याकडे यायच्या आणि मी आतल्या खोलीत पेपर तपासत कान देऊन ऐकायचो. ती काही वेगळं बोलत नसे. भाजी निवडता निवडता एखादं वाक्य टाकायची, शेवटी "माहे बाबा म्हणत" असं जोडायची, आणि समोरची बाई 'खरं आहे' म्हणत उठायची. माझे सासरे लग्नानंतर चारच वर्षं होते. माझ्यासमोर दहा शब्दसुद्धा बोलल्याचं मला आठवत नाही. जावयाचा संकोच असेल असं मी धरून चाललो होतो. आता त्या गेलेल्या माणसाचा मला राग यायला लागला. बांधावर बसून त्याला एवढं सुचावं, आणि मी इतकी पुस्तकं चाळून कोरडाच!

पुढे एका मुख्याध्यापकांच्या निवृत्तीचा मोठा कार्यक्रम झाला. त्यांच्या नम्रपणाबद्दल बोलायचं होतं. वहीत मनासारखं काही सापडेना. जिभेवर मात्र बायकोचं एक वाक्य होतं: 'वाकल्याबिगर मोहफूल ओटीत येत नाई.' मी मोहफुलातला मोह तेवढा काढला आणि म्हटलं, "आफ्रिकेत एक सुंदर म्हण आहे. जमिनीवरचं फूल वाकल्याशिवाय हाती येत नाही." सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. बायको तिसऱ्या रांगेत होती. तिनेही टाळ्या वाजवल्या.

परत येताना स्कूटरवर ती मागे बसली होती. रेल्वेच्या बंद फाटकाशी गाडी थांबली तेव्हा तिने विचारलं, "आफ्रिकेत मोहाचे झाडं असतात का जी?"

"असतील," मी म्हटलं.

"माहे बाबा त नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाई," ती म्हणाली. फाटक उघडलं. मी गाडी सुरू केली.

भांडण झालं नाही. तिने फक्त म्हणी सांगणं बंद केलं. शेजारणी यायच्या, ती चहा द्यायची, ऐकून घ्यायची आणि "सरायले विचारा, त्यायच्या वहीत सगळं आहे" असं सांगायची. दोन-तीन आठवडे असेच गेले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट ती काहीतरी म्हणेल म्हणून मी अजूनही आतल्या खोलीत कान देऊन बसत होतो.

एका संध्याकाळी शेजारची मुलगी आपल्या आईबरोबर आली. वनरक्षकाच्या भरतीत धावण्याच्या चाचणीत ती तिसऱ्यांदा मागे पडली होती. आई बायकोला म्हणाली, "काई तरी सांग ना बाई इले. दोन दिवस झाले, जेवून नाई राह्यली."

"सरायले विचारा," बायको म्हणाली.

मी बाहेर आलो आणि जपानी म्हण सांगितली. मुलीने मान वर केली. "सर, ते मले पाठ आहे. आठवीत तुमीच फळ्यावर लिहून दिलं होतं." त्यात उपहास नव्हता, म्हणूनच जास्त लागलं.

मग मी काय बोललो ते मलाच अनपेक्षित होतं. म्हटलं, "मला यातलं काही येत नाही. त्या दिवशीची आफ्रिकेची म्हण हिचीच होती. मी चोरली. तू हिलाच विचार."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला. मग मुलीला म्हणाली, "हे पाह्य पोरी. वाटेवर वाघ बसला त कोणी जंगल सोडून देत नाई. वाट बदलते."

"कोनती वाट, काकू?"

"ते तुले मालूम. मी काय जंगलखात्यात आहो?"

मुलगी फसकन हसली. त्या रात्री ती दोन दिवसांनी पहिल्यांदा जेवली म्हणे. पुढे तिने धावायचा नाद सोडला आणि नर्सिंगला प्रवेश घेतला. आता गडचिरोलीला असते.

त्या माय-लेकी गेल्यावर मी विचारलं, "हेही बाबांचंच?"

"नाई. आत्ताच सुचलं."

"आणि बाकीच्या?"

ती कपबशा उचलत म्हणाली, "बाबा त बोलतच नोते. तुमी पाह्यलं नाई का? एखादी असंन त्यायची, बाकी माह्याच. बाबाचं नाव घेतलं का लोक ऐकतात. माहं म्हणून सांगतलं असतं त पयले तुमीच हसले असते."

मी हसलो असतो, हे खरंच होतं. इतके दिवस एका गेलेल्या म्हाताऱ्यावर जळत होतो, ते सोपं होतं. आता जिच्यावर जळायचं ती रोज समोर बसून भात वाढत होती. मी म्हणी वेचत आलो, आणि तिला त्या आपोआप फुटत होत्या.

यंदा महिला मेळाव्यात तिला बोलायला बोलावलं. ओळख करून द्यायला मला सांगितलं. मी ती नीट करून दिली, म्हणी तिच्याच आहेत हेही सांगितलं आणि पहिल्या रांगेत जाऊन बसलो. बायका पोट धरून हसत होत्या, काही डोळे पुसत होत्या. मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. तरी मला वाटत राहिलं की ती पाच मिनिटं जास्त बोलली.