लक्ष्मीच्या नावाचा लाभांश

उज्वला आपल्याच माणसांत एकटी पडेल, ही भीती मला कालपासून सोडत नाही. माझी मुलगी खरं बोलताना आवाज चढवत नाही, म्हणूनच ते माणसांना जास्त लागतं.

बी.कॉम. झाल्यावर ती एका कर सल्लागाराकडे नोकरीला लागली. कामगार, रिक्षावाले, निवृत्त मास्तर, सगळ्यांची विवरणपत्रं भरायची. जुलै महिन्यात जेवणाची शुद्ध नसायची, पण एखाद्या म्हातारीचा परतावा आला की घरी पेढे आणायची. आता तिनं सातपूरला स्वतःचं छोटं ऑफिस काढलंय. गाळा माझ्या थोरल्या दिरांचा. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. भाडं नको, म्हणाले. फक्त बोहनी घरच्या हातानं व्हायला हवी. पहिलं विवरणपत्र माझ्या जाऊबाईंचं, लताताईंचं, म्हणजे उज्वलाच्या मोठ्या आईचं.

आमच्या घरात नवीन काही घेतलं की ते घरच्या लक्ष्मीच्या नावावर घ्यायची रीत. ट्रॅक्टर, स्कूटर सगळं लताताईंच्या नावावर. तात्यांनी शेअर्स घेतले तेही तसेच. हल्ली कंपन्या लाभांशातला दहा टक्के कर आधीच कापून सरकारात भरतात आणि ताईंच्या पॅनवर तशी नोंद होते. ताईंचं उत्पन्न मर्यादेच्या आत, तेव्हा कापलेलं सगळं परत मिळणार, असं तात्या धरून चालले होते.

काल पूजा झाली, नारळ फुटला. उज्वलानं संगणक उघडून विचारलं, "तात्या, शेअर्स घेताना पैसे कुणाचे होते?"

"घरात माझं-तुझं असतं का गं?"

"घरात नसतं, करात असतं. तुमच्या पैशांनी मोठ्या आईच्या नावावर घेतले असतील, तर लाभांश तुमच्या उत्पन्नात धरायचा. कापलेला करही तुमच्याकडे वळवता येतो, कंपनीला तसं लिहून द्यावं लागतं."

"म्हणजे गाळ्यांच्या भाड्यावर कर भरतो, वर हाही भरू?"

"हो."

"अगं, लक्ष्मीचं आहे ते! बोहनीलाच नाट लावतेस?" तात्या तोवर हसत होते. "आधीचा पोरगा काही न विचारता भरून द्यायचा."

"त्याचं काय जातं? सही मोठ्या आईची असते."

तात्यांचं हसू गेलं. "मग चोर म्हण ना सरळ!"

"तसं नाही तात्या. पण हे असं मी भरणार नाही."

त्यांनी पिशवी उचलली आणि चपला घातल्या. लताताई हातात प्रसादाची वाटी घेऊन दारात थांबल्या, काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांच्यामागे निघून गेल्या.

घरी आल्यावर उज्वला म्हणाली, "आई, मी गाळा सोडते. त्यांच्याच जागेत बसून त्यांना नाही म्हणायचं, बरं दिसत नाही. जाईन परत नोकरीला." तिचे वडील म्हणतात, आपण मध्ये पडायचं नाही, भाऊ थंड झाला की येईल आपोआप. पण मी तात्यांना ओळखते. ते आपणहून येत नाहीत. आणि ही आपणहून वाकत नाही.

मला मात्र दारातल्या लताताई आठवत राहतात. तात्यांचे गाळे व्हायच्या आधी त्या सातपूरच्या कामगारांना डबे द्यायच्या. पैसे स्वतःच्या खात्यात ठेवायच्या. बँकेत स्लिप भरायला मलाच सोबत न्यायच्या. ते पैसे शेअर्समध्ये गेले असतील, तर तेवढा लाभांश त्यांचाच. तेवढ्यावरचा कर उज्वला आनंदानं परत मागेल. गेले नसतील, तर पोरीचं बरोबर आहे, आणि ते नवऱ्याला ताईंनीच सांगायला हवं. पैसे कुणाचे, हे काल ताईंना कुणीच विचारलं नाही. माझ्या हुशार मुलीनंसुद्धा.

उजाडलं आणि तात्या मळ्यात गेले की मी लताताईंना फोन करणार आहे. ह्यांना सांगणार नाही. ताईंनाच विचारणार, पैसे कुणाचे होते.