शनिवारी पाठ नव्हता

माझी दृष्टी गेली तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, सोनपेठला शाळेत शिकवत होते. परभणीच्या डॉक्टरांनी डोळ्यांच्या शिरा सुकल्याचं सांगितलं आणि परतीच्या एसटीत मी देवाशी बोलणं सोडलं. यजमान आधीच प्रभूकडे गेलेले, मूलबाळ नाही. नामांतराच्या दंगलीनंतर आमच्या ख्रिस्ती वस्तीत गावातल्या बायांचं येणंही थांबलं होतं. भावजय दोन वेळा भाकरी ठेवून जाई, तेवढीच चाहूल.

ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला. चर्चच्या पाळकसाहेबांनी दरवर्षीसारखा बायबलमधल्या रोजच्या शास्त्रपाठांचा कागद पाठवला. आंधळीला कागद! मी तो चुरगाळला. त्याच आठवड्यात एका दुपारी मी चाचपडत अंगणातल्या आडाकडे निघाले. परत यायचं नाही, असं ठरवून. हे सांगताना आजही लाज वाटते. काठावर हात टेकला, तेवढ्यात मागून आवाज आला, "बाई, पानी पायजे का? मी शेंदून देते."

ती गंगाबाई होती. लिंगायत गल्लीतली, किराणा दुकानदाराची बायको. दंगलीच्या आधी माझ्या प्रौढवर्गात ती अक्षरं शिकली होती. मी काठावरचा हात काढून घेतला. तिनं पाणी शेंदलं. मला पाजलं आणि म्हणाली, "तुमी वाचाया शिकवलं, पर घरात साबनाच्या कागदाबिगर काय न्हाई. इसरायलेय मी. तुमचं पुस्तक वाचू का?"

"घरचे काय म्हणतील?"

"म्हनू द्या."

मग ती लिंगपूजा आटोपून रोज दुपारी येऊ लागली. कागद सरळ करून त्या दिवसाचा पाठ काढायची. एकेका जोडाक्षरापाशी अडायची, मी चिडायची. पण इतक्या सावकाश मी शास्त्र कधी ऐकलं नव्हतं. रानात उपाशी लोकांना त्या-त्या दिवसापुरतं अन्न मिळालं, साठवलेलं नासलं, हे वाचून ती म्हणाली, "म्हंजी उद्याचं उद्या." मी पुढच्या सगळ्या वर्षांचा अंधार उरावर घेऊन बसले होते. त्या दिवशी फक्त खोली झाडली, केस विंचरले. दुसऱ्या एका पाठात प्रभू आजाऱ्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? मला मनातसुद्धा हो म्हणता आलं नाही.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभूला कबरेत ठेवून धोंड लोटल्याचं वाचून गंगाबाई थांबली. "पुढं?"

"पुढचं रविवारी, ईस्टरला. उद्या पाठ नाही."

"असं सोडून घरी कशी जाऊ, बाई?" तिनं पुस्तक मिटलं. "आमच्यातबी मातीतच ठेवतेत. माझी लेक तितंच हाय."

इतके दिवस ती माझ्यासाठी येते, असं मी समजत होते.

शनिवारीही ती आली. पुस्तक मिटलेलंच. माझा हात हातात घेऊन बसली. प्रार्थना सुचली नाही, काही दिसलं नाही, दिलासाही वाटला नाही. दिवस उतरेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो. देवानं माझ्याकडून त्या दिवशी एवढंच मागितलं असावं, असं आता वाटतं, आणि तेवढं मला देता आलं.

दृष्टी आली नाही. तरी त्या शनिवारचे उपकार मी रोज मानते. उठताना गंगाबाईनं पदरानं माझे डोळे पुसले आणि म्हणाली, "उद्या बिगी येते. पूजा नंतर करीन."