करिश्मा उसेंडीची सही

करिश्मा उसेंडी धानोऱ्याच्या जंगलपट्ट्यातली. आई बुधरी गावची आशा कार्यकर्ती. कुणाला थंडीताप भरला की ती बोट टोचून किटवर रक्ताचा थेंब टाकायची आणि रेघ उमटते का पाहायची. हिवताप निघाला की घरचे गोळ्या नकोत म्हणून भांडायला उठत, पण गोळ्या गिळवल्याशिवाय बुधरी अंगणातून हलत नसे.

करिश्मा चंद्रपुरात लॅबचा कोर्स करून नागपूरच्या एका खासगी लॅबमध्ये लागली. दोन हजार एकवीसच्या मार्चमध्ये विमानं उडत होती, पण कोरोनाचा रिपोर्ट नसलेल्या प्रवाशाला चाचणी केल्याशिवाय विमानतळाबाहेर सोडत नव्हते. त्या टेबलावर लॅबने तिला बसवलं. आठ तास प्लास्टिकच्या पोशाखात. हातमोज्यांत घामाचं पाणी साचायचं.

एका दुपारी दिल्लीच्या विमानातून मूल गावचे राइस मिलवाले गुणवंतराव उतरले. करिश्माने त्यांच्या नाकातला स्वॅब घेतला. पंधरा मिनिटांनी किटवर दुसरी रेघ आली. फिकट होती, पण होती.

"हे काई रेघ हाय का, बाई? उद्या माह्या पोरीचं लग्न हाय!"

त्या बापाचं तोंड पाहून तिलाही गलबलून आलं. तरी ती म्हणाली, "फिकट असली तरी पॉझिटिव्हच, भाऊ. लग्नात म्हातारी माणसं असतीन."

"तू कुठची?"

"धानोऱ्याकडची."

"जंगलातून आली अन् मले शिकवून राह्यली!"

करिश्माचे कान तापले. "हो, जंगलातूनच आली. रेघ वाचाले तिथीच शिकली. तुमच्याकडं असं किट आत्ता आलं. आमच्या गावात हिवतापाचं किट मी शाळेत होती तवापासून हाय."

सुपरवायझर प्रवीण धावत आला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "निगेटिव्ह लिही अन् सोड. मोठा माणूस आहे."

तिने फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. "तुमी लिहा. खाली नाव अन् सही तुमची."

प्रवीणने पेन उचललं, किटकडे पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. करिश्माने पॉझिटिव्ह लिहून खाली स्वतःची सही केली आणि गुणवंतरावांची रवानगी विलगीकरणात झाली. तिथून त्यांनी लॅबच्या मालकाला फोनवर झाडलं. संध्याकाळी प्रवीण करिश्माला म्हणाला, "उद्यापासून येऊ नको."

खोलीवर पोचताच तिने आईला फोन लावला. सगळं ऐकून बुधरीने एकच विचारलं, "रेघ होती न?"

"होती."

"मग?" आणि बुधरीने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी करिश्मा नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या खुर्चीत.

"तुले काल काय सांगितलं?" प्रवीण ओरडला.

"लेखी द्या. काऊन काढलं तेही त्यात लिहा."

त्याने ऑफिसला फोन केला. कारण कागदावर लिहायला तिथे कुणीच तयार होईना. तेवढ्यात पाठोपाठ दोन विमानं उतरली. रांग काचेच्या दारापर्यंत गेली, माणसं आरडाओरडा करू लागली. प्रवीणने इकडेतिकडे पाहिलं आणि तिच्याकडे न बघताच किटचा खोका तिच्यापुढे आणून ठेवला.

करिश्माने पहिलं पाकीट फाडलं. "या, बसा. मास्क नाकाखाली घ्या."